मठारकाम

डॉक्टर खांबेट्यांनी प्लास्टिकचा कान उघडून दाखवला:
हा हातोडा, ही ऐरण, ही रिकीब.
मी म्हटलं, बाई, रिकीब सोडली
तर बाकीचं दुकान आमच्याच तांबट आळीतलं.
त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.
कुमुदने वहीत लिहिलं: "तुमच्या कानात चुना धरलाय."

चुना म्हणजे काही खाण्याचा नव्हे.
नऊ वर्षांचा होतो, कालव्यात पोहायचो,
कान फुटला. आईने लसणीचं कोमट तेल घातलं,
वाहायचा थांबला, म्हणून बरा झाला म्हणायचं.
आत मात्र जखम भरायची थांबलीच नाही,
भरत भरत पांढरी, कडक झाली,
बंबाच्या तळाला क्षार बसतो तशी,
आणि तिन्ही हाडांना धरून बसली पन्नास वर्षं.

तांबं ठोकून ठोकून ताठतं
तेव्हा आम्ही ते भट्टीत लाल करतो,
पाण्यात टाकलं की पुन्हा मऊ.
विचारलं, तसं काही होईल का?
या वेळी बाईंनी वही स्वतःकडे ओढली:
"नाही. खरवडावं लागेल. पुन्हा धरूही शकतं."
आणि खाली, जागा सोडून:
"मागची नस अर्धी गेलीय. ती तुमच्या धंद्याने नेली.
ती मी आणू शकत नाही."

सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावर, टेबलावर
भूल फक्त कानाला. बाकीचा मी जागा,
हिरव्या कापडाखाली.
आजवर भांड्यात काम केलं,
भांडं होऊन कधी पडलो नव्हतो.
आधी खरखर, राखेने घासल्यासारखी,
मग करकर, मग बराच वेळ काहीच नाही.
हात चांगला होता बाईंचा. हे आम्हाला कळतं.
घाई नव्हती,
आणि एका जागी दोनदा जात नव्हत्या.

मग काहीतरी सुटलं.
ट्रेमध्ये चिमटा पडला,
इतका स्वच्छ, की मी उठायलाच गेलो.
"हलू नका, पोटफोडे!"
मागे एक नर्स दुसरीला सांगत होती,
"अगं, शनिवारी गॅसवाला येऊन परत गेला,
मी नेमकी गच्चीवर."
तिच्या सिलिंडरचं पुढे काय झालं
हे मला अजून कळलेलं नाही,
कारण लगेच बोळा भरून त्यांनी दुकान बंद केलं.

तीन आठवडे.
शिंकायचं नाही, वाकायचं नाही, डोकं भिजवायचं नाही.
चवीची एक बारीक तार कानातून जाते म्हणे,
ती जरा दुखावली होती.
आमटीला तांब्याची चव, चहाला तांब्याची चव.
कुमुद काळजीत. मी दोन वाट्या जास्त जेवलो.

बोळा निघाला त्या दिवशी लक्ष्मी रोड अंगावर आला.
हॉर्न तर होतेच,
पण माझी स्वतःची चप्पल!
एवढी फटफटते, आणि कुणी बोललं नाही.

संध्याकाळी आळीत गेलो.
ठोकताना कानाला झाकण हवं, असा हुकूम होता.
एकदाच, म्हणून काढून ठेवलं
आणि हंड्यावर मठार मारायला बसलो.
टक टक टक टक टक टक,
सातवा घसरला.
पुन्हा मारले. पुन्हा सातवाच.
फळीवरचे तयार हंडे काढले, दाराशी उजेडात धरले.
प्रत्येकावर माझी चुकलेली रांग होती
आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाचे तरी
बारीक, दाट ठोके, नीट मिटवत गेलेले.

श्रीकर भट्टीकडे बघत होता.
किती वर्षं?
"सात-आठ."
सांगितलं का नाहीस?
"सांगितलं होतं, बाबा," तो म्हणाला,
हळू, भट्टीलाच सांगितल्यासारखं.

ऐकू आलं.
झाकण कानात परत बसवलं,
हातोडी त्याच्याकडे दिली
आणि हंडा धरून बसलो,
तो मान हलवेल तेव्हा
बोटभर फिरवायला.